कोऱ्या अंगठ्यांची कंपनी

मी एक जुना कटर आहे आणि दर सोमवारी मला हार घालतात.

काजूची बी फोडणाऱ्या लोखंडाला हार कशाला, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटतं. पण मित्रांनो, कंपनी मोठी झाली की तिला दाखवायला एखादी जुनी वस्तू लागते. म्हणून रत्नागिरीतल्या आमच्या हापिसात शिरलं की डाव्या हाताला, काचेच्या कपाटात मी उभा असतो. शेजारी स्टुलावर शिपाई बसतो. तो झोपतो आणि मी जागा असतो. पगार मात्र त्याला आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण त्याला मुलं आहेत.

तुमच्या शाळांच्या सहली येतात. गुरुजी सांगतात, "पाहा, एवढ्याशा यंत्रापासून एवढी मोठी कंपनी झाली!" तुम्ही माझ्याकडे बघता, मग खिडकीतून बर्फाच्या गोळेवाल्याकडे बघता. तुमचं बरोबर आहे. गोळा वितळतो, मी वितळत नाही. पण आज गोळेवाला आलेला नाही. तेव्हा ऐका.

माझा जन्म एकोणीसशे एकोणऐंशी साली सखाराम लोहाराच्या भट्टीत झाला. माझी दोन पाती एसटीच्या मोडक्या कमानपाट्याची आहेत. म्हणजे रक्ताने मी एसटी आहे. लहानपणी मी जागेवर घट्ट बसत नसे आणि चालताना सगळ्या अंगाने वाजत असे, ते त्यामुळेच. पायाखालचं पायडल एका शिवणयंत्राचं. मूठ तेवढी फणसाच्या लाकडाची, नवी कोरी, पिवळीधमक. सखारामाने मला पुसलं आणि म्हणाला, "हा बी फोडील, पन ह्याच्या तोंडात बोट घालू नका. ह्याला फरक कळत नाय." माझ्याबद्दल इतकं खरं नंतर कुणी बोललं नाही.

मला विकत घेणारा आत्माराम तेव्हा शेट नव्हता. जयगडच्या रस्त्याला एका वाडीत त्याचं घर होतं, घरामागे गोठा होता आणि गोठ्यात एक गाय आणि एक म्हैस होती. गाय विकून त्याने मला आणलं आणि तिच्याच जागी उभं केलं. शेजारची म्हैस कितीतरी दिवस माझ्याकडे संशयाने बघायची. मी दूध देणार नाही हे तिने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

आत्मारामच्या शेजारी तुळसा राहायची. तिचा नवरा मुंबईला. आत्माराम गावच्या नात्याने तिला वयनी म्हणायचा आणि ती त्याला भावजी. तो तिला म्हणाला, "वयनी, बसतेस काय कटरवर? कंपनी मोठी झाली की पयलं नाव तुझं."

"कंपनी?" तुळसाने गोठ्यात इकडेतिकडे बघितलं. "ही?"

"हीच."

"मंग आधी शेन काढा भावजी."

त्याने शेण काढलं. कंपनीचं पहिलं काम ते. मग शाळेची एक वही आणून त्याने पहिल्या पानावर तुळसाचा अंगठा घेतला. निळ्या शाईत रेषा कशा उमटल्या होत्या! भाताच्या खाचरातल्या बांधांसारख्या, एकापुढे एक वळत गेलेल्या. त्याखाली त्याने सही केली. दोघं हसली. एका बाईच्या कंपनीत हजेरी मांडायची म्हणजे गंमतच होती.

आता कामाचं सांगतो. उजव्या हाताने माझी मूठ धरायची, डाव्या हाताने बी माझ्या पात्यांत ठेवायची, पायाने पायडल दाबायचं. पाती बीच्या कवचात रुततात. मूठ फिरवली की कवच उघडतं आणि आतला गर समोर बसलेली दुसरी बाई सळईने काढते. सोपं आहे. फक्त त्या कवचात एक तेल असतं. ते कातडी जाळतं. म्हणून बाया कामाला बसायच्या आधी हातांना राख चोळतात नाहीतर खोबरेल लावतात. तेल तरी ऐकतंच असं नाही.

सुरुवातीला आत्माराम कढईत बिया भाजायचा. भाजलेल्या बीचा गर ठिसूळ व्हायचा. मी उघडायचो आणि आत तुकडे. तुकड्यांना कोण विचारतो? आत्माराम डोकं धरून बसला. तुळसा म्हणाली, "भावजी, आपन पातोळे वाफवतो तशी बी वाफवून बघा की."

तिने घरचं मोदकपात्र आणलं. त्यात बिया वाफवल्या आणि एक दिवस तशाच सुकत ठेवल्या, कारण दुसऱ्या दिवशी तिच्या माहेरी लग्न होतं. तिसऱ्या दिवशी येऊन तिने पहिली बी फोडली. गर अख्खा! दुसरी फोडली, तोही अख्खा! आत्माराम गोठ्यात नाचला. म्हैस दावं तोडून पळाली.

मोदकपात्र कायमचं गेलं. त्या वर्षी तुळसाच्या गणपतीला बाजारचे पेढे होते. आणि आत्मारामची कंपनी त्या वाफेवर उभी राहिली.

मित्रांनो, ते पहिले दोन मोसम माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. सकाळी तुळसा बसायची, दुपारी आत्माराम. तोही हातांना राख चोळायचा. त्याच्याही बोटांची सालं निघायची. समोर सळई घेऊन मालन असायची, जिच्या तोंडापुढे माझी पाती बोथट. ती आत्मारामला म्हणायची, "काय शेट, आज शेटानीनं जेवायला दिलं काय हात बगून?" तो हसायचा. तेव्हा शेट ही चेष्टा होती. तुळसाची उजवी करंगळी लहानपणी मोडून वाकडी बसलेली. त्या वाकड्या करंगळीसकट तिचा हात माझ्या मुठीवर रोज बसायचा, आणि लाकूड हळूहळू तिच्या हाताला जागा करून देत होतं. माझा हात कुणी आयुष्यभर धरला असेल तर तो तिनेच.

मग चेष्टा खरी झाली. गोठ्याची शेड झाली, शेडच्या चार शेडी झाल्या, माझ्यामागे एकोणीस कटर आले. डबे मुंबईला गेले, मुंबईहून बोटीने कुठे कुठे गेले. रत्नागिरीत हापीस, हापिसात पंखे, पंख्याखाली हरिश्चंद्र नावाचा कारकून. मग आणखी तीन ठिकाणी कारखाने. शेटचा बंगला झाला, गाडी झाली. भावजी शेट झाला, वयनी तुळसाबाई झाली. हे कुणी ठरवलं नाही. एक दिवस तो गाडीतून उतरला, तिने तोंड उघडलं, आणि भावजी हा शब्द बाहेर आलाच नाही.

कंपनीत हातमोजेही होते. रबराचे, पिवळे. कुणी मोठे पाहुणे यायचे असले की हरिश्चंद्र ते वाटायचा आणि पाहुणे गेले की मोजून परत घ्यायचा. चाळीस जोड इतक्या वर्षांत जसेच्या तसे राहिले. इतकी टिकाऊ वस्तू मी दुसरी पाहिली नाही.

आणखी एक रीत होती. दर जूनमध्ये सगळ्या बायांना काढून टाकायचं आणि ऑगस्टमध्ये नवीन म्हणून घ्यायचं. नव्या बाईला आजाराची रजा नसते आणि म्हातारपणाची पुंजी साठत नाही. तुळसा अशी सहा वेळा नवीन लागली. दर ऑगस्टला हरिश्चंद्र विचारायचा, "या कामाचा अनुभव आहे का?" आणि तुळसा म्हणायची, "नाय बा. बी कशाला म्हनतात?" मालन सळई टाकून हसायची.

सत्त्याऐंशी साली मात्र हसणं थांबलं. तुळसाला खोकला लागला आणि ती दीड महिना घरी पडली. त्या दीड महिन्यात तिच्या चुलीत काय होतं ते मला माहीत नाही. मुंबईहून काही येत नव्हतं, एवढं मालन बोलली. तुळसा परत आली ती सरळ हरिश्चंद्राच्या शेडमधल्या टेबलापाशी गेली. सरकारचा नियम होता की वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाचं नाव कायमच्या वहीत चढलं पाहिजे.

"माजं नाव कायम करा," ती म्हणाली. "एकोनऐंशीपासून हाय मी. शेटच्या जुन्या वहीत अंगठा हाय माजा."

हरिश्चंद्र वाईट माणूस नव्हता. तो कारकून होता. त्याने जुनी वही शोधली, शाईचा पॅड पुढे केला आणि म्हणाला, "अंगठा."

तुळसाने अंगठा उठवला. हरिश्चंद्राने चष्मा पुसला. एकदा जुन्या वहीत बघितलं, एकदा नव्या कागदावर.

"हा तुळसाचा अंगठा नाही."

"माजा नाय तर काय तुमचा?"

"वहीतल्या तुळसाला रेषा आहेत. तुला नाहीत. हा नुसता काळा गोळा आहे. म्हणजे तू ती तुळसा नव्हेस."

तुळसा जरा विचारात पडली. "मंग मी कोन?"

"ते मी कसं सांगू बाई? ते तुझं तू बघ."

मागून मालन म्हणाली, "बरं झालं गो! तू तुळसा नायस तर घरी जाऊन भांडी कशाला घासतंस? ती तुळसा घाशील."

पण मग चाळीस जणींनी एकेक करून अंगठा उठवला आणि चाळीस काळे गोळे उमटले. एकसारखे. वर्षानुवर्षं त्या तेलाने सगळ्यांच्या रेषा खाऊन टाकल्या होत्या. कामाचा याहून मोठा पुरावा कोणता? पण कागदाच्या हिशेबाने तोच पुरावा त्यांच्या विरुद्ध गेला. हरिश्चंद्र कागदाकडे बघत गंभीरपणे म्हणाला, "मला वाटतं, ही एकच बाई चाळीस वेळा आली आहे."

बाया सरकारी हापिसात गेल्या. महिन्याभराने एक साहेब चौकशीला आले. पिवळे हातमोजे वाटले गेले. साहेबांनी हात बघायला ते लगेच काढायला लावले, तेव्हा मला साहेब आवडले. शेटही आला होता.

"तुम्ही आठ वर्षं इथे आहात, याला पुरावा काय?" साहेबांनी तुळसाला विचारलं.

तिने माझ्याकडे बोट केलं. "हा."

"हा कोण?"

"पयला कटर. ह्याची मूठ बगा."

साहेबांनी माझी मूठ धरली. त्यांचा हात घसरला. मालनने धरली, तिचा हात तर खड्ड्यात हरवला. हरिश्चंद्राने धरली, त्याला करंगळी कुठे ठेवावी कळेना, कारण लाकडात करंगळीची खाच भलतीकडेच वळलेली. मग तुळसा बसली आणि तिने हात ठेवला. पेटीचं झाकण बसावं तसा तो बसला, वाकड्या करंगळीसकट.  मी लोखंडाचा आहे म्हणून, नाहीतर त्या वेळी मला काहीतरी झालं असतं.

शेटचा चेहरा पडला होता. त्याला खरंच लागलं होतं. तो म्हणाला, "साहेब, मला कुणी माणसं पिळणारा म्हणू नये. मी याच कटरवर बसलोय. दोन मोसम. माझाही अंगठा असाच कोरा झाला होता. विचारा त्यांना! हा बघा."

त्याने पॅडवर अंगठा दाबला आणि कागदावर उठवला.

रेषा होत्या. सगळ्या. स्वच्छ, दाट, एकापुढे एक वळत गेलेल्या.

शेट कागदाकडे बघतच राहिला. मग स्वतःच्या अंगठ्याकडे. तो खोटं बोलत नव्हता, मित्रांनो. त्याचा अंगठा कोरा झालेला मी पाहिला आहे. मालन नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाली, "शेट, तुमचा परत उगवला."

साहेबांनी अहवालात लिहिलं, 'यंत्र क्रमांक एकने कामगार ओळखला.' तुळसाचं नाव कायमच्या वहीत चढलं. पण बाकीचे कटर अलीकडचे होते आणि बाया त्यांवर आलटूनपालटून बसायच्या. त्यांच्या मुठींवर सगळ्यांचेच हात होते, म्हणून कुणाचाच नव्हता. एकोणचाळीस जणी नवीनच राहिल्या.

त्या दिवसापासून मालनने तुळसाची चेष्टा करणं सोडलं. कुणी चेष्टा करत नाही म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. दुपारी तुळसा भाकरी घेऊन एकटीच बसायची.

पुढच्या आठवड्यात कंपनीने एक सुधारणा केली. सगळ्या कटरांच्या लाकडी मुठी काढून लोखंडी नळीच्या बसवल्या. लोखंड झिजत नाही. त्यावर कुणाचा हात राहत नाही. मला नवी मूठ बसेना, तेव्हा जुन्या मुठीसकट मला भंगारात टाकलं. तुळसा हरिश्चंद्राला म्हणाली, "घरी नेऊ काय? कोंबडीला आडोसा होईल." तो म्हणाला, ने.

असा मी तुळसाच्या पडवीत आलो. पात्यांना गंज चढला. माझ्या पायडलाखाली एका तांबड्या कोंबडीने संसार मांडला. ती दिवसभर माझ्याशी बोलायची. विषय फारसे नव्हते, पण आवाजात आपुलकी होती.

कंपनीची दहा वर्षं भरत आली तेव्हा शेटची गाडी तुळसाच्या दारात थांबली. मुंबईहून मोठी मंडळी सोहळ्याला येणार होती. 'गोठ्यातून कंपनी' ही गोष्ट पेपरात छापून आली होती. बंगला होता, गाडी होती, कारखाने होते. फक्त गोष्टीतला कटर नव्हता.

शेट पडवीच्या पायरीवर बसला. "तुळसाबाई, तो कटर हवाय. काचेच्या कपाटात ठेवू. सांग, काय देऊ?"

"वही आना," तुळसा म्हणाली. "कायमची. एकोनचाळीस नावं लिवा, त्यांचे कोरे अंगठे घ्या, आनि खाली तुमचा अंगठा. मंग न्या."

शेट पायरीवर पुढे सरकला. मग एकदम जुन्या आवाजात म्हणाला, "वयनी, ही कंपनी मी उभी केली की नाही? गाय विकली. बँकेच्या दारात उभा राहिलो. डब्याचे नमुने घेऊन मुंबईत चपला झिजवल्या. ते काहीच नाही?"

"हाय की. कोन नाय म्हनतंय भावजी?" शब्द किती वर्षांनी बाहेर आला! "तुमच्याबगर कंपनी झाली नसती. पन गाय तुमी एकदाच इकलीत. आमी बोटं रोज इकली, आनि वर दरसाल नवीन."

"विचार करायला हवा."

"करा. तसा पन आज कटर देता येत नाय. त्याच्याखाली कोंबडी अंड्यांवर बसलीय. एकवीस दिवस लागतील."

"कोंबडी उठव की!"

"तिला काढून परत नवीन म्हनून बसवू काय?"

शेट उठला. गाडीत बसताना त्याने अंगठा बोटावर घासला. मी पाहिलं.

मित्रांनो, ते एकवीस दिवस मी मोजले. मोठी कंपनी उभी करायला माणसं पिळावीच लागतात का, हा प्रश्न मी तिथे बसून खूप घोळवला. मला फक्त बीचं कळतं. घाईने भाजली की गर फुटतो. नीट वाफवून थांबलं की अख्खा निघतो, आणि धंदा तोही होतो, उलट जास्त होतो. हे शेटला बीच्या बाबतीत पहिल्याच वर्षी कळलं होतं. बाईच्या बाबतीत कळायला दहा वर्षं आणि एक कोंबडी लागली.

एकविसाव्या दिवशी सकाळी अंडी फुटली. कवचं आपोआप उघडली, कुणी पायडल दाबलं नाही. धंद्यातला माणूस म्हणून मला ते बघवत नव्हतं. नऊ पिल्लं माझ्या अंगावर चढून बसली होती, तेव्हा गाडी आली. हरिश्चंद्राच्या काखेत वही होती.

पडवीत एकोणचाळीस बाया ओळीने आल्या. नाव, काळा गोळा. नाव, काळा गोळा. हरिश्चंद्राने या वेळी चष्मा पुसला नाही. शेवटी शेटने अंगठा उठवला. सगळ्या पानावर रेषा तेवढ्या त्याच्याच. मालन पानाकडे बघून म्हणाली, "शेट, तुमचाच अंगठा येगळा दिसतोय. तुमी नवीन काय?"

सगळ्या हसल्या. शेटही हसला, पण जरा उशिरा. आणि तुळसाकडे वळून मालन म्हणाली, "तू काय बगतंस गो, कायमचे? जा, चहा ठेव!" तुळसा डोळ्यांना पदर लावत आत पळाली. तिची चेष्टा परत सुरू झाली होती.

तर असा मी काचेत आलो. बाकीच्या तीन कारखान्यांत मुठी अजून लोखंडी आहेत आणि तिथल्या बाया दर ऑगस्टला नवीन लागतात. त्यांच्याकडे कोंबडी नाही.

माझ्या कपाटावर पाटी आहे, 'काचेला हात लावू नये.' माझी तुम्हाला एक विनंती आहे. लावा. अंगठा चांगला दाबून लावा. मग बाजूला होऊन उजेडात बघा. काचेवर तुमच्या रेषा दिसतील, बारीक, वळत गेलेल्या, तुमच्या एकट्याच्या. त्या सांभाळा. आणि त्यांच्या पलीकडे माझी मूठ दिसेल, वाकड्या करंगळीच्या खाचेसकट. तीही बघा.

शिपाई रागावेल. रागावू दे. संध्याकाळी तो काच पुसतो, तेव्हा तुमचे ठसे जातात. माझा जात नाही.

परवा तुळसा आणि मालन कामावरून सुटून हापिसात आल्या होत्या. शिपाई ओरडला, "ओ बाई, काचेला हात लावू नका!" तुळसाने अख्खा पंजा काचेवर ठेवला, मालननेही ठेवला, आणि दोघींनी काढून घेतले. शिपायाने फडकं घेऊन काच निरखून बघितली.

पुसायला तिथे काहीच नव्हतं.